माझ्या वाट्याचं दशक

माझ्या आईने मला देवाला देऊन टाकलं होतं, आणि ही गोष्ट मला कळली ती सोळाव्या वर्षी, सुकट निवडताना. बाकी सगळ्यांना ठाऊक होती. बाबांना ठाऊक, घिवलीहून चिकूची पाटी घेऊन येणाऱ्या हिराकाकूला ठाऊक. जिला द्यायची तिलाच तेवढा पत्ता नाही! दहावीचा निकाल लागला होता, मला चांगले मार्क पडले होते, आणि पालघरच्या कॉलेजचा सायन्सचा फॉर्म मी मोठ्या तोऱ्यात घरी आणला होता. आई सुपात सुकट घेऊन दारात बसली होती. तिने फॉर्मकडे पाहिलंही नाही. एक काडी उचलून बाजूला टाकत ती म्हणाली, "ते कशाला आणलंस? तुला सिस्टर व्हायचं हाय." भाजीत मीठ घाल म्हणावं इतक्या सहज.

तेव्हा आम्ही बोईसरला दोन खोल्यांत राहायचो. वर सिमेंटचे पत्रे, खाली शहाबादी फरशी, समोर नळ, आणि नळावर सकाळी पाचपासून मराठी, हिंदी, मल्याळी अशी तीन भाषांत भांडणं. मूळचे आम्ही वसईकडच्या वाडीतले. बाबा एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात लागले म्हणून इकडे आलो. बाबांच्या कानामागे कायम कसला ना कसला रंग असायचा. आठवडाभर पिवळा, मग एकदम निळा. आई रविवारी मिस्साला जायच्या आधी ओला टॉवेल घेऊन त्यांच्या मागे लागायची, "देवळात असं निळं डोकं घेऊन येताव?" आणि बाबा म्हणायचे, "देवाला ठाऊक हाय मी कुठं कामाला हाय ते." देऊळ म्हणजे आमचं चर्च, आमच्याकडे सगळे देऊळच म्हणतात. तेही त्या वेळी धड देऊळ नव्हतं, मिशनच्या शाळेचा एक मोठा वर्ग होता. शनिवारी बाकं भिंतीला लावायची आणि सोमवारी पुन्हा जागेवर.

घरातलं सगळं वेळापत्रक दोन गोष्टींवर चालायचं, शिफ्टच्या बसचा हॉर्न आणि संध्याकाळी सातची रोझरी. सात वाजले की आई शेगडीवरचं कालवण उतरवायची, मेरीमाउलीच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावायची आणि फरशीवर गुडघे टेकायची. फरशी थंड, गुडघे दुखायचे, आणि स्वयंपाकघरातून बोंबलाच्या कालवणाचा वास येत राहायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: रोझरीत पाच दशकं असतात, एका दशकात दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायची. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. आमच्या घरी दशकं वाटून दिलेली होती. पहिलं आईचं, दुसरं बाबांचं, तिसरं माझं, चौथं परत आईचं आणि पाचवं सगळ्यांनी मिळून. बाबा सेकंड शिफ्टला असले की त्यांचं दशक आई म्हणायची. मी एकदा मामाकडे आठ दिवस राहिले तेव्हा माझंही तिनेच म्हटलं. कुणाचंही दशक रिकामं जाऊ द्यायचं नाही, हा तिचा नियम. आज मला कुणी विचारलं की तुमचा धर्म काय शिकवतो, तर पुस्तकातलं बरंच काही सांगता येईल. पण मनात पहिलं येतं ते हेच.

आता ती देऊन टाकण्याची भानगड. मी तीन वर्षांची असताना मला टायफॉइड झाला आणि तो डोक्यात गेला. डॉक्टरांनी हात टेकले. आई उठली आणि अनवाणी, एकटी, समुद्राकाठच्या टेकडीवरच्या माउलीच्या देवळात गेली. तिथे पायथ्याशी मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर. आईने मेणाच्या दोन मुली घेतल्या. एक माउलीपुढे ठेवली आणि बोलली, "हिला वाचव, मी ही तुलाच देईन." दुसरी बाहुली घरी आणली, ज्या दिवशी मी कॉन्व्हेंटात जाईन त्या दिवशी ती वाहायची. ती कपड्यांच्या कपाटावर, पत्र्याच्या अगदी खाली, एका काचेच्या बरणीत उभी होती. मला वाटायचं शोभेची आहे. लहानपणी मी तिच्याशी खेळायला मागायची आणि मार खायची.

मी वाचले. आता ते औषधाने की माउलीने, हा वाद मी कधी घातला नाही. दोघांचेही उपकार आहेत म्हणते. पण ऐका, पुढे काय झालं. मी पाचवी-सहावीत असताना एका मे महिन्यात पत्रे इतके तापले की त्या मेणाच्या मुलीची मान वाकली. हनुवटी पार छातीला टेकली. आईने पाहिलं आणि तिथेच गुडघे टेकले. माउलीने होकार दिला! पोरीने मान डोलावली! बाबा म्हणाले, "अगं, उन्हाने मऊ झाली ती." कोण ऐकतंय! तेवढ्यात हिराकाकू आली. तिच्या देवीला कौल लावतात, उजवीकडचं फूल पडलं की होकार. तिने बरणी दोन्ही हातांनी धरून निरखली आणि आईला ठणकावून सांगितलं, "हा कौलच हाय नतालबाय. तुमची असली काय न् आमची असली काय, देवी बोलते ती अशीच." झालं. दोन धर्मांचं एकमत झाल्यावर बाबांची काय बिशाद? या सगळ्यात मी बाहेर लगोरी खेळत होते.

आणि हे सगळं मला त्या दिवशी सुकटीच्या सुपासमोर कळलं. मी किती बोलले! आता आठवून लाज वाटते. मी म्हटलं, मला केमिस्ट्री शिकायची आहे, बाबांच्या कानामागचा रंग कशाचा असतो ते मला ठाऊक करून घ्यायचं आहे, मी काय बोकड आहे नवसाला सोडायला? आई एक शब्द उलटून बोलली नाही. "मी बोलले हाय माउलीला," एवढंच म्हणाली, आणि तिचे हात सुपात थांबले. बाबांकडे गेले तर ते म्हणाले, "फिलू, फॉर्मवर सही मी करीन, पण तुझी आई हो म्हणल्याशिवाय नाय. तिने तुला मागून आणलीय, मी नाय." फॉर्म भरायला पंधरा दिवस होते. तिकडे सिस्टरांना आईने सांगूनच ठेवलं होतं की जुलैत पोरीला घेऊन येते.

त्या संध्याकाळी सातला मी गुडघे टेकले, कारण न टेकण्याची हिंमत नव्हती. आईचं दशक झालं. बाबांचं झालं. मग माझं आलं, आणि मी तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, म्हण तूच, तुला देवाचं एवढं आहे तर. मला खात्री होती की ती एक क्षण वाट बघेल, डोळे वटारेल आणि माझंही म्हणून टाकेल. तिने डोळे वटारले नाहीत आणि म्हटलंही नाही. डोळे मिटून, माळेचा एकेक मणी बोटांनी सरकवत ती गप्प बसली. दहा मणी. दहा 'नमो मरिया' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा सगळा वेळ. शेजारच्या खोलीतल्या भय्यांचा रेडिओ ऐकू आला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, लांबून शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला. दहावा मणी सरकल्यावर आईने चौथं दशक सुरू केलं, जसं काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या, मार सोसला असता. ती शांतता मात्र मला रोज खायची. मला वाटायचं ही मला शिक्षा करते आहे, सगळ्यांसमोर, देवासमोर दाखवते आहे की बघ हिची जागा कशी रिकामी पडलीय. पण माझा हट्टही तिचाच होता ना, मी कुठून माघार घेणार? दिवसभर आम्ही नीट बोलायचो. भाकऱ्या जास्त झाल्या, पाणी आलं का, बाबांचा डबा भरला का. फक्त ते दशक तसंच राहायचं.

दहा दिवसांनंतर शनिवार आला. शनिवारी फादर बस्त्याव मोटारसायकलवरून यायचे आणि शाळेच्या व्हरांड्यात कन्फेशन ऐकायचे. त्यांच्या पांढऱ्या झग्याला गुडघ्यापर्यंत लाल धूळ असायची. माणूस भला, पण तोंडाने तिखट. मी गुडघे टेकून सगळं सांगितलं. नवस, बाहुली, फॉर्म, आणि माझं पाप म्हणजे मी दहा दिवस रोझरी म्हटलेली नाही. मला वाटलं ते नवसाबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "तुझं दशक मग कोण म्हणतं?" मी म्हटलं, "कोणीच नाय फादर. आई गप्प बसते." "नतालबाय गप्प बसते?" त्यांना हे खरंच वाटेना. "बाप नसला तर त्याचं म्हणते ना?" "म्हणते." "मग तुझं का नाय म्हणत?" मला ठाऊक नव्हतं. ते जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "हेच तुझं प्रायश्चित्त. घरी जायचं आणि आईला हे विचारायचं. भांडायचं नाय. विचारायचं आणि ती काय बोलते ते पुरतं ऐकायचं."

हात्तेच्या! मला वाटलं होतं पन्नास 'नमो मरिया' सांगतील, मी पाठीमागच्या बाकावर बसून उरकून टाकीन. एका प्रश्नाचं प्रायश्चित्त त्याआधी आणि त्यानंतरही मला कुणी दिलं नाही. आणि ते किती जड गेलं म्हणून सांगू! घरी गेले तर आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यावर बसले. एक भाकरी झाली, दोन झाल्या. तिसरी तव्यावर टाकल्यावर मी विचारलं, "आई, बाबा नसले की त्यांचं दशक तू म्हणतेस. माझं का म्हणत नाहीस?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की एवढंही कळू नये का या पोरीला. "बाबा घरी नसतात म्हणून मी म्हणते," ती म्हणाली. "तू हायेस ना. तू समोर बसलेली असताना तुझं तोंड मी कसं घेऊ? ते तुझं हाय. तू म्हणशील तेव्हा म्हणशील. तोवर मी जागा धरून ठेवते."

तर ती शिक्षा नव्हतीच. ती माझी जागा धरून बसली होती, दहा दिवस, दहा-दहा मणी. मला रडू फुटलं. आणि भाकरी उलटायला हात पुढे केलेली माझी आई तशीच थांबली. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिचा हात हलेना. ती तव्याकडे बघत होती, मग कपाटावरच्या त्या बरणीकडे बघायला लागली. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते तिने आता ऐकलं होतं. आईच्या हातून भाकरी करपलेली मी जन्मात तेवढी एकदा पाहिली. "फिलू," ती फार हळू म्हणाली, "मग माउलीला ते पण मी कसं बोलले गं?"

मी काहीच बोलले नाही. फादरांनी ऐकायला सांगितलं होतं.

रविवारी मिस्सा झाल्यावर आई मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेली. फादर बस्त्याव चहा पीत होते. आईने पदराखालून बरणी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, मान डोलावल्याचंसुद्धा. फादरांनी बाहुलीकडे पाहिलं, वर शाळेच्या पत्र्याकडे पाहिलं. "नतालबाय, पत्र्याखाली ठेवली तर माझीपण मान वाकेल," ते म्हणाले. आई हसली नाही. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "मी शब्द दिलाय फादर. पोरगी वाचली. शब्द मोडला तर?" तिला खरोखर भीती वाटत होती, आणि ती भीती माझ्याबद्दलची होती, हे मला तेव्हा कुठे दिसलं. दिलेलं दिलं नाही तर माउली आपली वस्तू परत नेईल, या धास्तीत ती तेरा वर्षं जगली होती. मला साधा ताप आला तरी ती रात्रभर बसायची, ते का, हे मला आता कळत होतं.

फादरांनी कप खाली ठेवला. आवाज एकदम मऊ झाला त्यांचा. "हे बघ, ज्याचा नवस त्यानेच फेडायचा असतो. दुसऱ्याचं आयुष्य आपल्याला बोलता येत नाय, पोटच्या पोरीचंपण नाय. मनाविरुद्ध आलेली पोर सिस्टर लोक दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. तू त्या दिवशी घाबरली होतीस, जे सगळ्यात मोठं होतं ते देऊ केलंस. माउलीला ते कळलं नसेल? ती पण आईच हाय." मग म्हणाले, "पण शब्द दिलास तर तो फुकट जाऊ द्यायचा नाय. मी तो बदलून देतो. तुझं स्वतःचं काहीतरी दे. तुला जड जाईल असं."

आईने अनवाणी चालायचं म्हटलं. ते म्हणाले, ते तुला सोपं आहे. वर्षभर मासळी सोडते म्हणाली. ते म्हणाले, तू सोडशील आणि नवऱ्याला पण सोडायला लावशील. शेवटी ते म्हणाले, "तुला वाचता येत नाय ना?" आईने मान खाली घातली. तिला सगळ्या प्रार्थना, सगळ्या लितानी, मिस्सा लॅटिनमधून होती तेव्हाचीसुद्धा उत्तरं तोंडपाठ होती. अक्षर मात्र एक येत नव्हतं. "येत्या शुभ शुक्रवारी क्रुसाची वाट तू चालवायचीस. क्रूस घेऊन निघालेल्या येशूच्या वाटेवरची चौदाच्या चौदा स्थानं पुस्तकातून वाचायची, मोठ्याने, सगळ्यांसमोर. शिकवायला घरात मास्तरीण हाय." आई घाबरून म्हणाली, "फादर, त्यापेक्षा मीच कॉन्व्हेंटात जाते!" आणि मग मात्र आम्ही तिघंही हसलो.

सोमवारी बाबांनी फॉर्मवर सही केली. त्याच्या आदल्या संध्याकाळी, रविवारीच, मी माझं दशक म्हटलं. आईने डोळे उघडले नाहीत, पण उत्तराचा तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

आईला शिकवणं म्हणजे काय ताप होता! तिची स्मरणशक्ती इतकी दांडगी की मी एक पान एकदा वाचून दाखवलं की तिला ते पाठ. मग पुस्तकावर बोट ठेवून घडाघडा म्हणायची आणि बोट भलतीकडेच असायचं. "आई, फसवू नकोस." "कुठं फसवते? बरोबरच बोलले ना?" मी मग तिला रस्त्यावर नेऊन दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचे, शिफ्टच्या बसवरची नावं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. बोईसरच्या बाजारात आई एकेका पाटीपुढे उभी राहायची आणि मागून रिक्षावाले ओरडायचे, "ओ मौसी, हटो!" ती हटायची नाही. "थांब रे बाबा, 'किराणा' होऊ दे." जोडाक्षरांवर ती चिडायची. पहिलं जोडाक्षर तिला आलं ते 'क्रूस' मधलं. हिराकाकू बाजूला बसून चिकू पुसत सगळं ऐकायची आणि मला म्हणायची, "मलापण एक दोन अक्षरं दे गो, नातवाला दाखवते." मी दिवसा कॉलेजात केमिस्ट्री शिकत होते आणि संध्याकाळी मास्तरीण होते. त्या वर्षाइतकी मी पुढे कधी स्वतःवर खूश झाले नाही.

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी शाळेच्या आवारातल्या चौदा झाडांना चौदा लाकडी क्रूस बांधले होते. वरच्या पाड्यांवरून वारली माणसं पहाटेच निघून चालत आली होती, केरळची कुटुंबं पांढऱ्या कपड्यांत, काही गोवेकर, आणि रात्रपाळी करून तसेच आलेले बाबा, कानामागे या खेपेला जांभळा रंग. आईने नेसायचं पातळ आठ दिवस आधी इस्त्री करून ठेवलं होतं. तिला आमच्या जुन्या पुस्तकातला शब्द न् शब्द येत होता, म्हणजे वाचताही येत होतं आणि पाठही होतं. आणि फादर बस्त्यावांनी काय करावं? झग्याच्या खिशातून एक कोरंकरकरीत पुस्तक काढलं. "हे नवीन आलंय, नतालबाय. यातून वाच." आईचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फादरांवर इतकी चिडले की विचारू नका.

पहिलं स्थान ती अडखळत वाचून गेली. दुसरं त्याहून बरं. तिसऱ्याला आवाज मोकळा झाला. प्रत्येक झाडाशी आम्ही गुडघे टेकायचो, उठायचो, गाणं म्हणत पुढच्या झाडाशी जायचो. चौथं झाड चिंचेचं होतं. तिथे येशूला वाटेत त्याची आई भेटते. आईने वाचायला सुरुवात केली, "आईला..." आणि ती थांबली. पुस्तक हातात, बोट ओळीवर, आणि शब्द नाही. सगळे वाट बघत उभे. कुणीतरी खाकरलं. माझ्या शेजारच्या मल्याळी मावशीने मला कोपराने ढोसलं, "सांग ना, सांग." मी आईच्या अगदी मागेच होते. तिच्या खांद्यावरून मला ओळ स्वच्छ दिसत होती. माझ्या ओठांवर शब्द आलेसुद्धा.

मी तोंड उघडलं नाही. दोन्ही हात घट्ट धरून मी गप्प उभी राहिले. मनातल्या मनात मी मणी मोजत होते. एक, दोन, तीन. सातव्यापर्यंत आले असेन.

"आईला लेकराचा भार उचलता येत नाही," आईने वाचलं. एकेक अक्षर, बोट फिरवत. "ती वाटेवर उभी राहते." त्या दोन ओळींत एकही जोडाक्षर नव्हतं, मी नंतर पुस्तक उघडून पाहिलं. अक्षरांपाशी ती अडलीच नव्हती.

आता आई पंच्याऐंशीची आहे आणि भिंग घेऊन सकाळी पेपर पहिल्या पानापासून वाचते, मोठ्याने, मी दोन घोट चहा सुखाने पिऊ नये म्हणून. मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म काढला आणि निवृत्त झाले. ती मेणाची मुलगी अजून माझ्या कपाटात आहे, मान खाली घातलेली. संध्याकाळी सातला आम्ही दोघीच असतो. बाबांचं दुसरं दशक आता मी म्हणते.

त्या दिवशी चौथ्या झाडाकडून पाचव्याकडे जाताना गाणं सुरू होतं. आईने पुस्तक छातीशी धरलं होतं. माझ्याकडे न बघता ती हळूच म्हणाली, "तुला दिसत होतं. सांगितलं नायस."

"तू होतीस ना," मी म्हटलं.